आक-तुमशुकची चारशे पाखरं

बिश्केकहून निरोप आला तेव्हा मी सातवीच्या वह्या तपासत होते. दर जानेवारीत इस्सिक-कुल सरोवरावरची पाखरं मोजायचं काम राजधानीतून ज्या बाई चालवतात, त्यांनी फोनवर दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘रविवारी तुमच्या पट्ट्यात उलान नावाचा आमचा माणूस येईल. तुम्हाला मदत होईल.’

मदत! चौदा वर्षं मी आणि जापारआके दोघंच आमचा अकरा किलोमीटरचा किनारा मोजत होतो. एका वर्षी माझा गुडघा नुकताच प्लास्टरमधून बाहेर आला होता, एका वर्षी पेनातली शाई गोठली म्हणून जापारआकेंनी खिळ्यानं पत्र्यावर आकडे कोरले. तेव्हा कुणाला मदतीची आठवण झाली नाही. आणि आता न मागता माणूस? माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुपारी मी जापारआकेंकडं गेले. सगळं गाव त्यांना आकेच म्हणतं, म्हणजे दादा. वय अडुसष्ट, सरोवरावर मालाच्या बोटी चालायच्या तेव्हा त्यांनी इंजिनं सांभाळलेली. बोटी गेल्या, पण हात अजून तेलानं काळे असतात. अंगणात बसून ते शेजाऱ्याचा पंप उघडत होते.

“कोण येतंय म्हणालीस?”

“उलान.”

“तो तर रोजच येतो,” म्हणत त्यांनी पश्चिमेकडं हनुवटी उडवली. बूमच्या घळीतून सुटणाऱ्या आमच्या वाऱ्याचं नावही उलानच.

“हा माणूस आहे, आके. बिश्केकचा.”

“म्हणजे तोही पश्चिमेकडूनच. आणि तोही बोलावल्याशिवाय.” त्यांनी पाना खाली ठेवला. “कशाला येतोय?”

“मदतीला म्हणे.”

“असिल, तीस वर्षं मी नोकरी केली. वरच्या ऑफिसातून मदतीला माणूस आला, की समजायचं कुणाची तरी मान जाणार. तू काय केलंस?”

“मी काय करणार? मोजते आणि पाठवते.”

“मग मी काय केलं?” असं म्हणून ते हसले. पण पंपाचा एक स्क्रू त्यांच्या हातून सुटून बर्फात पडला, आणि तो शोधायला त्यांनी नको इतका वेळ लावला. हे तेव्हा मला काही वाटलं नाही. नंतर वाटलं.

रविवारी सकाळी साडेआठला उणे अकरा होतं आणि वारा असा, की दार उघडायला खांदा लावावा लागत होता. उलान जीप घेऊन आला. तिशीतला असेल. शिकारी घालतात तसलं हिरवट-करडं जाकीट, नवेकोरे बूट. जीपच्या मागच्या दारातून त्यानं एक लांबलचक काळी पिशवी ओढली.

“बंदुकीची पिशवी आहे,” जापारआके माझ्या कानाशी पुटपुटले.

“दुर्बिणीची तिपाई आहे, आके.”

“असेल. बंदुकीलाही तिपाई लागते.”

उलाननं मात्र रीतसर दोन्ही हातांनी आकेंचा हात धरला. “सलाम, आके. सलाम, एजे. फार ऐकलंय तुमच्याबद्दल.” एजे म्हणजे ताई.

“काय ऐकलंस?” आकेंनी विचारलं.

पोरगा जरा गडबडला. “हेच, की... चौदा वर्षं मोजताय.”

“चौदा वर्षं मोजतोय म्हणूनच अजून बोटं शाबूत आहेत. तुझे हातमोजे बघ. अर्ध्या तासात रडशील.”

पहिला मुक्काम आमच्या मोठ्या खाडीवर. तिथं वेत दाट, म्हणून पाखरंही नाना तऱ्हेची. एकेक जात वेगळी करावी लागते. चांदवे शेकड्यांनी, काळेभोर, कपाळावर पांढरा ठिपका. लालसऱ्या, शेंडीवाली बदकं, मधेच हंसांचं एखादं कुटुंब. लाटा उंच असल्या की निम्मी पाखरं लाटेआड जातात. एका लाटेला थांबायचं, दुसरीला मोजायचं. मी तिपाई अगदी जमिनीलगत करते, गुडघ्याखाली पोतं घालते आणि डाव्या हातात अंगठ्यानं दाबायचं मोजणीचं यंत्र धरते. दहाला एक टिचकी. डोळ्यातून पाणी आलं तर पुसायचं नाही, गालावर गोठू द्यायचं.

उलान माझ्या मागं उभा होता. माझं मोजून झालं की मी आकडा मोठ्यानं सांगायचे आणि आके तो तक्त्यात लिहायचे. उलानजवळ मात्र स्वतःची एक छोटी डायरी होती. मी आकडा सांगायच्या आधीच तो तिच्यात काहीतरी लिहायचा, आणि मी वळले की तळहात आडवा धरायचा. परीक्षेत पोरं धरतात तसा. बावीस वर्षं मी असे तळहात बघतेय.

“काय लिहिता हो?”

“वाऱ्याचं, एजे. वेग वगैरे.”

“आम्हालाही कळू दे की. इथं उभं राहून आम्हाला कळत नाहीय.”

तो हसला, डायरी खिशात घातली आणि खिशाची चेन लावली.

दुसऱ्या मुक्कामावरही तेच. मधेच त्यानं आकेंना विचारलं, “गेल्या वर्षी या ठिकाणी किती होते, आठवतं?” आके म्हणाले, “मला बायकोचा वाढदिवस आठवत नाही.” मग त्यानं मला विचारलं, “आणि इथून पुढं शिकारी येतात का कधी? वाट आहे का जीपला?” मी आणि आकेंनी एकमेकांकडं पाहिलं. पाखरं मोजायला आलेला माणूस जीपची वाट विचारतो?

अकराच्या सुमारास जुन्या पंपघराच्या भिंतीआड आम्ही चहाला बसलो. मी बोर्सोक, कणकेचे छोटे फुगे, तळून आणले होते. थंडीनं ते दगड झाले होते, चहात बुडवून खावे लागत होते. आके पाय मोकळे करायला म्हणून जरा लांब गेले. ते पाठमोरे झाल्याबरोबर उलान माझ्याजवळ सरकला.

“एजे, एक विचारू? आक-तुमशुक कोण मोजतं?”

आक-तुमशुक म्हणजे आमच्या पट्ट्याचं शेवटचं टोक, पांढरी चोच. खरंच चोचीसारखा खडक पाण्यात घुसलाय, आणि त्याच्या पलीकडच्या कुशीत वारा लागत नाही.

“आके मोजतात. मी इकडची खाडी संपवते तोवर ते जाऊन येतात. दिवस लहान असतो, दोघांनी सगळीकडं जायचं म्हटलं तर अंधार होईल. आणि खडकावर बर्फ असतो, माझा गुडघा...”

“कधीपासून?”

“पहिल्यापासूनच. का?”

त्यानं हातमोजा काढून फोन उघडला. वर्षवार आकडे होते. “पहिल्या वर्षी दोन हजार तीनशे. त्यानंतर चारशे दहा. चारशे तीस. तीनशे नव्वद. चारशे वीस. तेरा वर्षं, एजे. कधी चारशेच्या फार वर नाही, फार खाली नाही.”

“पहिल्या वर्षानंतर तिथं शिकारी आले होते. फार मारलं त्यांनी. पाखरं उठली ती परत आली नाहीत.”

“ते मान्य. पण उरलेली?” तो हळू बोलत होता, पण शब्द नीट निवडून. “तुमचीच खाडी बघा. एका वर्षी नऊशे, पुढच्या वर्षी सतराशे, मग सातशे. पाखरं अशीच असतात. कडाक्याची थंडी पडली की उत्तरेकडून लोटतात. आणि तुमशुकवर मात्र दरवर्षी हजेरी घेतल्यासारखी चारशे?”

मी हातातला बोर्सोक खाली ठेवला. “म्हणजे आम्ही घरी बसून आकडे लिहितो असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी असं म्हटलं नाही.”

“म्हणायला नाही, तपासायला आलात. मदतीला!”

त्यानं फोन खिशात घातला. म्हणजे खरंच होतं. बिश्केकमध्ये कुणीतरी माझं नाव असलेला तक्ता समोर ठेवून मान हलवली होती. शाळेत मी पोरांना शिकवते, की दिसलं तेच लिहा, दिसलं नाही तर शून्य लिहा, शून्यालाही किंमत असते. आणि माझ्याच तक्त्यावर संशय! माझे कान तापले. इतक्या थंडीत तापले.

पण खरं सांगते, राग फार वेळ टिकला नाही. त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलं. वळून मी आकेंकडं पाहिलं. ते पंपघराच्या पलीकडं पाठ करून उभे होते, टोपीचे कान खाली ओढलेले. आणि मला एकेक आठवायला लागलं. गेल्या वर्षी ते तुमशुकहून तासाभरात परत आले होते. वाट एकाच बाजूची तीन किलोमीटर. ते कधी मोठी दुर्बीण नेत नाहीत, गळ्यातली जुनी छोटीच. आकडा सांगताना कधी वही उघडत नाहीत. दोन वर्षांपूर्वी माझा गुडघा चांगला होता, मी म्हटलं होतं, चला, आज मी पण येते. तर केवढे चिडले! “मेलीस तर तुझ्या नवऱ्याला मी काय सांगू?” तेव्हा मला ती माया वाटली होती.

आके परत आले. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, “काय गं, बोर्सोकात मीठ विसरलीस की काय?”

“उलान म्हणतोय, आज तुमशुकला आपण तिघं जाऊ.”

त्यांचं हसू गेलं. “कशाला?”

“मोजायला.”

“आज? या वाऱ्यात? अगं, खडकावर माणूस उभा राहत नाही. दुर्बीण धरणार कशी? मी जाऊन येतो नेहमीसारखा, तुम्ही इथं बसा.”

“मी जातो, आके,” उलान म्हणाला. “तुम्ही थकला असाल.”

“मी थकलो?” आकेंचा आवाज चढला. “तुझा बाप रांगत होता तेव्हापासून मी या किनाऱ्यावर चालतोय. इथला बर्फ कुठं पोकळ आहे ते तुला ठाऊक आहे? पडलास म्हणजे तुझं प्रेत कोण ओढणार? मी?”

“आके,” मी म्हणाले, “जायचंय.”

चौदा वर्षांत मी त्यांना असं तोडून बोलले नव्हते. मग त्यांनी खांदे उडवले. “जा. वरच्या वाटेनं जा, ती बरी आहे. मी खालून येतो. मला जरा... पोट बरं नाही.”

वरची वाट लांबची आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. तरी मी निघाले, कारण भांडायला तोंड उघडलं की वारा आत शिरत होता.

निम्म्या वाटेवर उलान थांबला. “एजे, हे काय?”

तुमशुकच्या मागून धूर निघावा तशी पाखरं वर आली. आधी एक काळा पट्टा, मग दुसरा, मग सगळं आभाळच. वाऱ्याच्या गर्जनेतही पंखांचा आवाज ऐकू आला. चारशे? चारशे पाखरं तर त्या थव्याच्या एका कोपऱ्यात मावली असती. आणि खाली, खडकाच्या कडेला, मेंढीच्या कातड्याचा कोट काढून दोन्ही हातांनी डोक्यावर गरगर फिरवणारा एक माणूस. तो ओरडत होता, वारा त्याचं ओरडणं उचलून पूर्वेला फेकत होता.

“हे हाकलतायत!” उलान किंचाळला. “आपण पोचायच्या आत हाकलतायत!”

मला पळता येत नाही, पण त्या दिवशी मी पळाले. दोनदा पडले. पोचलो तेव्हा आके खडकावर बसले होते, कोट मांडीवर, दाढीला बर्फ, छाती भात्यासारखी. आमच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. ते पाण्याकडं बघत होते.

पाखरं परत येत होती. जाणार कुठं? उघड्या सरोवरावर दीड पुरुष उंच लाटा, वाऱ्यानं पंख मोडायची वेळ. एक फेरा मारून ती थव्याथव्यानं पुन्हा त्याच कुशीत उतरत होती, आकेंच्या समोर, जणू त्यांना मोजतच नव्हती.

“मोज,” आके मला म्हणाले. “बघतेस काय? आता आलीच आहेस तर मोज.”

मी पोटावर आडवी झाले. उलाननं आपलं जाकीट काढून वाऱ्याच्या बाजूला पडद्यासारखं धरलं. त्याचे दात वाजत होते, पण जाकीट हललं नाही. तीनदा मोजलं. तीन हजार वीस, तीन हजार दोनशे दहा, तीन हजार एकशे चाळीस. मधला आकडा धरला. त्यात एकशे सात हंस होते. एकशे सात हंस मी आयुष्यात एका जागी पाहिले नव्हते, आणि ते माझ्याच पट्ट्यात, माझ्याच नावाखाली, चौदा वर्षं.

उठून बसले तेव्हा मला रडू येत होतं की नुसता वाराच होता, कोण जाणे.

“का, आके?”

“का काय? पहिल्या वर्षी मी खरं सांगितलं होतं. दोन हजार तीनशे. तू कौतुकानं तालुक्याच्या पेपरात लेख दिलास. आठवतं? ‘आपल्या किनाऱ्याचं वैभव.’”

आठवत होतं. कात्रण अजून शाळेच्या भिंतीवर आहे.

“पुढच्या हिवाळ्यात चार जीपा आल्या. तीन आठवडे, दर शनिवारी-रविवारी. एकाच्या हातात तो पेपर होता, असिल. माझ्या डोळ्यांनी पाहिला मी. मलाच विचारत होता, हे तुमशुक कुठं आलं म्हणून. तू तेव्हा बाळंतपणाला माहेरी होतीस. मरायची ती मेली, पण जखमी झालेली वेतात शिरून आठ-आठ दिवस ओरडत होती. मी होडी घेऊन जायचो आणि एकेकीची मान मुरगळायचो. मी! ज्यानं आकडा सांगितला तोच.” त्यांनी कोट अंगात घातला, बाही सापडायला वेळ लागला. “तेव्हापासून चारशे. शून्य लिहिलं तर कुणी बघायला येईल, हजार लिहिले तर मारायला येईल. चारशे पाखरांसाठी कुणी पेट्रोल जाळून येत नाही.”

“मग मला सांगायचं तरी!”

“तुला? तू खोटं लिहिलं असतंस?”

मी दुर्बिणीचं झाकण लावायला लागले.

“म्हणून.”

उलान थरथरत जाकीट चढवत होता. “आके, तुमच्या चारशेनं काय झालंय माहीत आहे? या कुशीत एक कंपनी उन्हाळी पाहुण्यांसाठी विश्रामधाम बांधायचं म्हणतेय. दोन मजली, बोटींचा धक्का. त्यांच्या अर्जात लिहिलंय, जागेवर पाखरांची संख्या नगण्य. नगण्य म्हणजे तुमची चारशे. आम्हाला शंका आली म्हणून मला पाठवलं.”

आकेंनी दाढीवरचा बर्फ झटकला. मग मला म्हणाले, “हे खरं कशावरून?”

“अर्जाची प्रत जीपमध्ये आहे,” उलान म्हणाला.

“कागद मीपण चौदा वर्षं लिहितोय, बेटा. कागदाचं मला सांगू नकोस. शिकारी कुठून येतात, जीपला वाट आहे का, हे तू विचारलंस. अंगात शिकाऱ्याचं जाकीट. डायरी झाकतोस. मी तुझ्यावर का विश्वास ठेवू?”

मलाही तेच वाटत होतं, म्हणून मी हात पुढं केला. “डायरी द्या.”

तो कचरला. मग खिशाची चेन उघडली. पानावर दोन रांगा होत्या. ‘खाडी, चांदवे: ती १२६०, मी १२४५. लालसऱ्या: ती ३१८, मी ३१८.’ असं सगळं. माझ्या पाठीमागं उभा राहून तो प्रत्येक थवा आपल्या दुर्बिणीनं पुन्हा मोजत होता. खाली एक ओळ: ‘बाई चोख मोजतात. गडबड असेल तर टोकाला.’ आणि त्याखाली: ‘जीप येऊ शकते का बघणे. येत असेल तर चर खणून बंद करायला सांगणे.’

मी ती ओळ आकेंना मोठ्यानं वाचून दाखवली. ते म्हणाले, “लिहायला काय जातं?” आणि उठून, कुणासाठी न थांबता, खालच्या वाटेनं चालू लागले.

तक्ता मी जीपमध्ये बसून भरला. आक-तुमशुक: ३१४०. खाली मोजणाऱ्यांच्या सह्या लागतात. आकेंच्या घरासमोर जीप थांबवून मी तक्ता त्यांच्यापुढं धरला. त्यांनी दार अर्धंच उघडलं होतं.

“माझं नाव काढ.”

“आके...”

“चारशेवर मी सही करत आलो, ती माझ्या हिमतीवर. या आकड्याला तू जबाबदार. काही झालं तर मी तुझंच नाव घेईन.” आणि दार लावलं.

मी एकटीनं सही केली. सोबत वेगळ्या कागदावर लिहिलं, की मागच्या तेरा वर्षांचे तुमशुकचे आकडे धरू नयेत, चूक माझी, मी न बघता लिहीत गेले. आकेंचं कारण लिहिलं नाही. बिश्केकच्या बाईंनी ते आकडे रद्द केले आणि एक थंड पत्र पाठवलं, की यापुढं तुमच्या पट्ट्यात दरवर्षी दुसरा माणूस सोबत असेल. ते मला लागलं, पण चुकीचं होतं असं म्हणता येत नाही. एक मात्र मी उलानकडून वचन घेतलं होतं, ते त्यानं पाळलं: छापील अहवालात तुमशुकचं नाव कुठंच नव्हतं, आमच्या अख्ख्या किनाऱ्याचा मिळून एकच आकडा. मी अहवाल तीनदा वाचला. शब्दन् शब्द तपासला.

एप्रिलमध्ये बातमी आली, विश्रामधामाला त्या जागी परवानगी नाकारली. मी आकेंना सांगायला गेले. ते म्हणाले, “बरं झालं,” आणि पंपात डोकं घातलं. चहाला ये म्हणाले नाहीत.

मग नोव्हेंबरच्या एका रविवारी, नाश्त्याच्या वेळी, तुमशुकच्या बाजूनं बंदुकीचे बार ऐकू आले. एक, दोन, मग मोजता येईनात इतके. मी होते तशी, घरातल्या चपलांवर, शेजाऱ्याच्या गाडीत बसून निघाले. पोचलो तेव्हा शिकारी गेले होते. पाण्याच्या कडेला आके गुडघाभर पाण्यात उभे होते आणि एकेक पाखरू बाहेर काढून दगडांवर ठेवत होते. एकवीस बदकं, दोन हंस. मी पाण्यात उतरले. आम्ही दोघं तासभर काम केलं, एक शब्द न बोलता. मी वाट बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. ते म्हणाले नाहीत. फक्त शेवटचा हंस ठेवताना एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं.

घरी येऊन मी उलानला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. तूच फोडलंस, तुमच्या ऑफिसातून फुटलं, तुमच्यावर विश्वास ठेवला हीच माझी चूक. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “गाडीचा नंबर कुणी पाहिला का, एजे?”

नंबर आकेंनीच पाहिला होता. वनरक्षकांनी चार दिवसांत माणसं पकडली. बिश्केकची नव्हती, पेपर-अहवाल वाचणारी तर नव्हतीच. शेजारच्याच गावचे दोन भाऊ होते. त्यातला धाकटा आमच्या गावचा जावई, किराणा दुकानवाल्या बात्माचा. बंदुका जप्त झाल्या, दंड झाला.

पण त्यांना तुमशुकचं कुणी सांगितलं, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी आठ दिवस प्रत्येकाच्या तोंडाकडं संशयानं बघत होते. शिक्षकांच्या, ड्रायव्हरच्या, नवऱ्याच्यासुद्धा. शेवटी बात्माच्या दुकानात गेले, साखर घेतली आणि सरळ विचारलं.

“अपेई!” बात्मा म्हणाली. “ते काय गुपित होतं? जापारआकेच नव्हते का सांगत जानेवारीत? इथंच, या शेगडीपाशी उभे राहून. केवढे संतापले होते! ‘तीन हजार लिहिले तिनं, तीन हजार! एकशे सात हंस! आता बघा काय होतंय ते!’ सगळं दुकान ऐकत होतं. जावईही होता माझा, तेल न्यायला आलेला.” ती थबकली. माझा चेहरा बघून तिला आता कुठं कळलं. “एजे, मला काय ठाऊक... कुणाला सांगू नका हं.”

साखर घेऊन मी बाहेर आले. आकेंचं घर दुकानापासून तिसरं. फाटकाशी थांबले. आत ते कुणाची तरी शेगडी दुरुस्त करत होते, हातोडीचा आवाज येत होता. एक वाक्य सांगितलं असतं तर दहा महिन्यांचं माझं ओझं उतरलं असतं. तुमची चूक, आके, माझी नाही. मी कडी हातात धरून उभी होते. मग मला तो वेतात ओरडणाऱ्या पाखरांच्या माना मुरगळणारा माणूस आठवला. ते पुन्हा त्याच्या पदरात टाकायचं?

हातोडी थांबली. “कोण आहे?” त्यांनी आतून विचारलं.

“मी, असिल. जानेवारीची तारीख आलीय. पंधरा तारखेला रविवार आहे. येणार का विचारायला आले.”

हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. “कोण कोण असणार?”

“मी. उलान. आणि तुमशुकला सगळे मिळून जायचं.”

“त्या पोराला म्हणावं, जाड हातमोजे आण,” आके म्हणाले. मग फाटकापाशी आले, टोपी मागं सारून माझ्याकडं बारकाईनं बघत राहिले. “तुझ्या तोंडावर काय लिहिलंय गं? काहीतरी लपवतेयस तू.”

“साखर महाग झालीय, एवढंच,” मी म्हणाले.

“हं,” ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. पण त्यांनी फाटक उघडलं आणि चहाला आत बोलावलं.